रेणूंचा तराजू
(व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. विजेच्या फवाऱ्याने रेणूंचे वजन करणे हा विषय भूमसारख्या तालुक्याच्या गावी कशासाठी, आणि तो कला शाखेच्या शिक्षकाने का सांगावा, असे दोन प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पहिल्याचे उत्तर व्याख्यानातून मिळेल. दुसऱ्याचे आताच देतो. मी बी. ए., बी. एड. आहे, मराठी आणि इतिहास शिकवतो. प्रयोगशाळेत उभे राहून काम करणाऱ्याला जे ठाऊक असते ते सर्व मला ठाऊक आहे असा माझा दावा नाही. परंतु दहावीपर्यंतचे विज्ञान ज्याने मन लावून वाचले आहे त्याला ही गोष्ट मुळापासून समजू शकते, याची मला खात्री आहे. मला समजली, तुम्हाला माझ्याहून लवकर समजेल.

आपला तालुका दुधाचा आणि खव्याचा. डेअरीवर दूध घालणाऱ्याला दोन गोष्टी पाठ असतात : लॅक्टोमीटरची डिग्री आणि फॅट. लॅक्टोमीटर दुधात किती बुडतो यावरून दुधात पाणी आहे की नाही याचा अंदाज येतो. फॅटवर भाव ठरतो. या दोन्ही चाचण्या उपयोगाच्या आहेत. पण त्या 'किती' एवढेच सांगतात, 'काय' ते सांगत नाहीत. दूध घट्ट आहे हे कळते. ते कशामुळे घट्ट आहे हे कळत नाही. भेसळ करणारा नेमका याच फटीतून आत शिरतो.

याचे जगाला हादरवणारे उदाहरण २००८ साली चीनमध्ये घडले. दुधाचा कस तेथे प्रथिनांवरून ठरत असे, आणि प्रथिने मोजण्याची जुनी रीत अशी की पदार्थातील नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करायचा. ज्यांनी दुधात पाणी घातले होते त्यांनी त्यात मेलामाईन नावाची पांढरी भुकटी मिसळली. आपल्या घरात मेलामाईनच्या प्लेटा असतात, त्यांचे राळ ज्यापासून बनते तेच हे रसायन. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. चाचणीला वाटले, दूध कसदार आहे. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सुमारे ३ लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. चाचणी झाली नव्हती असे नाही. चाचणी झाली होती. पण तिने चुकीचा प्रश्न विचारला होता. 'नायट्रोजन किती?' असे तिने विचारले. 'हा पदार्थ कोणता?' असे तिने विचारलेच नाही.

पदार्थ कोणता हे कसे ओळखावे? प्रत्येक पदार्थ रेणूंचा बनलेला आहे, आणि प्रत्येक रेणूला ठराविक वजन आहे. हायड्रोजनचा अणू १ धरला तर कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६. या हिशेबाने पाण्याचा रेणू १८, युरियाचा ६०, मेलामाईनचा १२६, ताप आल्यावर आपण घेतो त्या पॅरासिटामॉलचा १५१ आणि चहातील कॅफीनचा १९४. रेणूचे वजन कळले की पदार्थाची ओळख निम्मी पटली. प्रश्न इतकाच की रेणूला तराजूत घालायचे कसे? साखरेच्या एका दाण्यात इतके रेणू असतात की ते मोजायला माणसाला कित्येक जन्म पुरणार नाहीत. त्यांतला एकेक उचलून पारड्यात ठेवणे शक्य नाही.

आपल्या खळ्यावर याचे उत्तर आहे. ज्वारीची उफणणी तुम्ही पाहिली असेल. मळलेले धान्य उंचावरून वाऱ्यात सोडतात. जड दाणे पायाशी पडतात, हलका भुसा लांब उडतो. कोणी एकेक दाणा तोलत नाही. वाराच वजनाप्रमाणे वाटणी करतो. रेणूंच्या तराजूचे, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राचे, तत्त्व हेच आहे. हवा काढून टाकलेल्या निर्वात नळीतून रेणू सोडायचे आणि वाऱ्याच्या जागी विद्युत् व चुंबकीय बल लावायचे. हलका रेणू जास्त वळतो, जड कमी वळतो. इंग्लंडमध्ये जे. जे. थॉमसन यांनी १९१३ साली याच रीतीने निऑन वायूचे अणू दोन वजनांचे, २० आणि २२, असल्याचे दाखवले. त्यांचे सहकारी ॲस्टन यांना पुढे याच विद्येसाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु येथे एक मोठी अडचण आहे, आणि आजचा विषय त्या अडचणीपाशी सुरू होतो. वारा प्रत्येक दाण्याला ढकलतो. विद्युत् बल मात्र ज्याच्यावर विद्युत्भार आहे त्यालाच ढकलते. म्हणजे रेणू आधी मोकळा होऊन उडाला पाहिजे आणि त्याच्यावर भारही पाहिजे. वायूच्या बाबतीत हे सोपे आहे. पण साखर, औषध, कीटकनाशक, रक्तातील द्रव्ये यांचे काय? साखर तापवून पाहा. पाण्यासारखी वाफ होऊन ती उडून जात नाही. आधी वितळते, मग तांबडी होते आणि शेवटी कोळसा होते. उडण्याआधीच रेणू मोडतो. वजन करायला नेलेले माणूस वाटेतच मेले, तर वजन कोणाचे करणार?

ही अडचण सुटायला दीर्घकाळ लागला. युक्ती ऐकायला अगदी साधी आहे, आणि भूमच्या माणसाला ती खव्याच्या भट्टीवरून चटकन समजेल. खवा करताना आपण दुधातला घन भाग उडवत नाही; त्याच्याभोवतीचे पाणी उडवतो, आणि जे हवे ते कढईत उरते. येथेही तसेच. रेणूला उडवायचे नाही. त्याच्याभोवतीचे पाणी उडवायचे, म्हणजे रेणू आपोआप मोकळा उरतो. फरक एवढाच की येथे कढईच्या जागी एक सूक्ष्म थेंब असतो आणि त्या थेंबावर विजेचा भार असतो.

प्रत्यक्ष कृती अशी. ज्या पदार्थाची तपासणी करायची त्याचा अर्क पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणात घेतात. ('अर्क' हा आपल्या घरातला शब्द, अरबी 'अरक' म्हणजे घाम, थेंबाथेंबाने पाझरणारा. या कामाला तो किती नेमका बसतो पाहा.) त्यात थोडे फॉर्मिक आम्ल घालतात, जे मुंगीच्या दंशात असते तेच. हा द्रव केसासारख्या बारीक सुईतून हळूहळू सोडतात आणि सुईला तीन ते पाच हजार व्होल्टचा दाब देतात. सुईच्या टोकाशी द्रवाचा थेंब गोल राहत नाही. विजेच्या ओढीने त्याचा निमुळता शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून धुक्यासारखा बारीक फवारा उडतो. जी. आय. टेलर यांनी १९६४ साली या शंकूचे गणित मांडले, म्हणून त्याला टेलरचा शंकू म्हणतात.

फवाऱ्यातील प्रत्येक थेंबावर भार असतो. भोवतालच्या गरम नायट्रोजन वायूने थेंबातले पाणी उडू लागते आणि थेंब लहान होतो. भार मात्र तितकाच राहतो. सणासुदीच्या दिवसांत एस. टी. गच्च भरलेली असावी आणि बसच लहान लहान होत जावी, अशी कल्पना करा. एकमेकांना रेटणारे उतारू शेवटी दारातून बाहेर फेकले जातील. एकाच जातीचे भारही एकमेकांना असेच रेटतात. एका मर्यादेनंतर थेंब फुटतो आणि त्याचे आणखी लहान थेंब होतात. भारित थेंब किती भार सहन करू शकतो याचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८८२ सालीच सांगून ठेवला होता. फुटता फुटता अखेरीस पाणी संपते, आणि उरतो तो एकटा रेणू, अंगावर भार घेतलेला, न मोडलेला, उडण्यास तयार. याला इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे विद्युत्-फवारा, असे म्हणतात. लहान रेणूच्या बाबतीत बहुधा एकच हायड्रोजनचा भारित कण त्याला येऊन चिकटतो. त्यामुळे १५१ वजनाचा पॅरासिटामॉल यंत्रात १५२ या जागी दिसतो आणि १२६ चा मेलामाईन १२७ ला. एक वजा करा, की रेणुभार मिळाला. ज्या रेणूंना हायड्रोजन घेण्यापेक्षा देणे सोपे जाते त्यांच्यासाठी विजेची दिशा उलट करतात आणि त्या वेळी एक मिळवतात. कधी कधी हायड्रोजनऐवजी मिठातला सोडियम चिकटतो आणि वजन २३ ने वाढते. जाणकार तपासनीस तेही ओळखतो.

हे काम करणारा माणूस कोण होता, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे. अमेरिकेत माल्कम डोल यांनी १९६८ साली या वाटेने प्रयत्न केला होता. तो पुढे नेला जॉन फेन यांनी. फेन यांचा जन्म १९१७ चा. मंदीच्या काळात त्यांचे कुटुंब केंटकी राज्यातील बेरिया या लहान गावी आले, आणि तेथल्याच बेरिया कॉलेजातून ते १९३७ साली पदवीधर झाले. या कॉलेजची रीत अशी की विद्यार्थ्याकडून शिकवणीचे शुल्क घेत नाहीत. त्याबदली प्रत्येक विद्यार्थी संस्थेत काम करतो. फेन यांचे इलेक्ट्रोस्प्रेवरचे पहिले महत्त्वाचे निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. सत्तराव्या वर्षी येल विद्यापीठाच्या नियमानुसार ते निवृत्त झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी प्रथिनांसारखे प्रचंड रेणूही या रीतीने उडवून दाखवले. २००२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

त्याच पारितोषिकात जपानचे कोइची तानाका यांचाही वाटा होता. त्यांनी लेसर किरणांनी मोठे रेणू उडवण्याची वेगळी रीत शोधली. तानाका हे कारखान्यातील अभियंते होते आणि त्यांच्याजवळ फक्त पदवी होती, ना एम. एस्सी., ना डॉक्टरेट. एका वेळी ८५ वर्षांचा वृद्ध आणि ४३ वर्षांचा साधा पदवीधर असे दोघे त्या व्यासपीठावर होते. शिक्षणाला वय नसते, असे आपण भाषणात म्हणतो. येथे ते प्रत्यक्ष दिसते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. हे यंत्र आपल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत कसे येऊन पोचले, ते द्राक्षाच्या उदाहरणावरून कळेल.

नाशिक, सांगली, सोलापूर हे द्राक्षांचे जिल्हे. शेजारच्या बार्शी तालुक्यात आणि आपल्या जिल्ह्यातही बागा आहेत. आपल्यातील बागवान मंडळींचा तर फळांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. द्राक्षाची बाग म्हणजे वर्षभराचे तप : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मध्ये फवारण्यांवर फवारण्या. एका बागेत कर्ज, मजुरी आणि घरच्यांचे श्रम असे सर्व गुंतलेले असते. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश-तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे या कामाचे मध्यवर्ती ठिकाण ठरले. पुढे 'ग्रेपनेट' ही नोंदपद्धत आली. तिच्यामुळे परदेशातील दुकानातल्या पेटीवरून ती द्राक्षे कोणत्या शेतकऱ्याच्या बागेतली हे शोधता येऊ लागले.

इतके करूनही २०१० साली पुन्हा संकट आले. युरोपातील तपासणीत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. हे कीटकनाशक नव्हे. वेलीची फाजील वाढ रोखून डोळ्यांत घड धरावेत म्हणून ते वापरीत. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. ही मर्यादा म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे. दहा-दहा टनांचे दोन ट्रक द्राक्षांनी भरले, तर त्या वीस टनांत मिळून फक्त एक ग्रॅम. चिमूटभर मिठाहून फार अधिक नव्हे. एवढ्यावरून कंटेनर परदेशी बंदरांत अडकले, माल नाकारला गेला, आणि येथे बागेत घड तयार असलेल्या शेतकऱ्याचे भाव कोसळले.

आपल्याकडे प्रयोगशाळा असूनही हे कसे निसटले? याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत. पहिले असे की ज्या रसायनांची तपासणी होत होती त्या यादीत हे नाव नव्हते. दुसरे कारण रसायनशास्त्राचे आहे. एकाच वेळी शेकडो कीटकनाशके पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत द्राक्षाच्या रसातून औषधे एका तेलकट जातीच्या द्रावकात ओढून घेतात. क्लोरमेक्वाट पाण्याचा सोबती. तो पाणी सोडून त्या द्रावकात येतच नाही. मोठ्या माशांच्या जाळ्यातून झिंगे निसटावेत तसा तो निसटतो. त्याच्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलचा वेगळा अर्क काढावा लागतो आणि वेगळी तपासणी करावी लागते.

एकदा वेगळा अर्क काढला, की इलेक्ट्रोस्प्रेसाठी याच्याइतका सोपा रेणू नाही. इतरांना भार द्यावा लागतो; याच्या अंगावर तो जन्मतःच असतो. फवाऱ्यातून तो सरळ १२२ या जागी दिसतो. त्याच्या शेजारी १२४ वर आणखी एक लहान रेघ दिसते. कारण असे की निसर्गात क्लोरीनचे अणू दोन वजनांचे आहेत, ३५ आणि ३७, आणि त्यांचे प्रमाण साधारण तीनास एक आहे. म्हणून जेथे दोन अंकांच्या अंतरावर तीनास एक अशा दोन रेघा दिसतात, तेथे क्लोरीन आहे असे तपासनीस ओळखतो. नववी-दहावीच्या पुस्तकात समस्थानिकांचा धडा असतो, आणि मुले विचारतात, याचा उपयोग काय? उपयोग हा.

तरीही १२२ वजनाचे दुसरे एखादे द्रव्य द्राक्षाच्या रसात असू शकेल. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तर आपण हजेरीत बापाचे नाव पाहतो. यंत्रही दुसरी साक्ष मागते. चार समांतर दांड्यांमधून ठराविक वजनाचाच रेणू पार जाऊ शकतो. ही चाळणी वोल्फगांग पाऊल यांनी शोधली आणि त्यांना १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पहिल्या चाळणीतून फक्त १२२ पुढे सोडतात. मध्ये वायूच्या कणांवर आपटून तो मोडतात. दुसऱ्या चाळणीत तुकड्यांचे वजन पाहतात. क्लोरमेक्वाट मोडला की ५८ वजनाचा तुकडा निघतो. पॅरासिटामॉलचा १५२ मोडून ११० होतो, मेलामाईनचा १२७ मोडून ८५. प्रत्येक रेणूची मोडण्याची रीत त्याची स्वतःची असते. शिवाय फवाऱ्यात येण्यापूर्वी अर्क एका बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून नेतात. त्यातून प्रत्येक द्रव्य आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते. बाहेर येण्याची वेळ, अखंड रेणूचे वजन आणि तुकड्याचे वजन अशा तीन साक्षी जुळल्या, म्हणजे निकाल देता येतो.

२०१० नंतर क्लोरमेक्वाट आपल्या तपासणीच्या यादीत आला आणि आपल्या प्रयोगशाळांनी त्याची वेगळी पद्धत बसवली. पण त्या वर्षीचे नुकसान शेतकऱ्याने सोसले ते सोसलेच.

या यंत्राचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. एरवी व्याख्यान जाहिरात ठरेल. पहिला दोष हा की फवाऱ्यात सर्वांना समान संधी मिळत नाही. द्राक्षाच्या रसातील साखर आणि इतर द्रव्ये गर्दी करतात आणि ज्याला शोधायचे त्याला भार मिळू देत नाहीत; मग तो आहे त्याहून कमी दिसतो. यावर उपाय म्हणून त्याच रेणूचा जुळा भाऊ, ज्यात काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवला आहे, मोजून-मापून आधीच अर्कात घालतात. गर्दीचा त्रास दोघांना सारखाच होतो. जुळा भाऊ किती कमी दिसला त्यावरून खरा आकडा काढता येतो. दुसरा दोष हा की डी.डी.टी.सारखी काही द्रव्ये भार घ्यायला तयारच नसतात. त्यांच्यासाठी वेगळे यंत्र लागते. तिसरा दोष किमतीचा : असे यंत्र कोटीच्या घरात जाते. चौथा सर्वांत महत्त्वाचा. नेहमीच्या तपासणीत यंत्राला जे शोध म्हणून सांगितले तेवढेच ते शोधते. ज्याचे नाव यादीत नाही, ते समोरून गेले तरी यंत्र गप्प राहते. दुधाच्या बाबतीत 'नायट्रोजन किती' एवढेच विचारले गेले. द्राक्षाच्या बाबतीत यादीतल्या नावांपुरतेच विचारले गेले. यंत्र कितीही सूक्ष्म असो, प्रश्न माणसालाच विचारावा लागतो.

पालकहो, येथे तुमच्या काळजीची एक गोष्ट बोलतो. 'फळांत विष सापडले' असे निरोप मोबाईलवर फिरतात आणि घरात मुलांची फळे बंद होतात. हे योग्य नव्हे. हे यंत्र इतके सूक्ष्म आहे की त्याला वीस टनांतला एक ग्रॅम दिसतो. 'सापडले' म्हणजे 'अपाय होईल इतके सापडले' असे नव्हे. मर्यादा ठरवताना भरपूर अंतर राखलेले असते, आणि काही मर्यादा तर यंत्राला विश्वासाने मोजता येणारा सर्वांत लहान आकडा म्हणून ठरवलेल्या असतात. कोणी असा निरोप दाखवला तर दोन प्रश्न विचारा : कोणते रसायन, आणि किती? ज्याला ही दोन उत्तरे देता येत नाहीत त्याच्या निरोपावर मुलांच्या ताटातले फळ काढू नका. फळे वाहत्या पाण्यात चोळून धुवा; वरवरचा बराच अंश निघून जातो. आणि ज्यांची शेती किंवा बाग आहे त्यांनी फवारणीची तारीख, औषधाचे नाव आणि प्रमाण वहीत लिहून ठेवावे, शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सांगितले आहे तेवढे दिवस जाऊ द्यावेत. यंत्र खोटे बोलत नाही असे समजूनच ही वही ठेवावी. कारण एखाद्या दिवशी आपली बाजू मांडायला तीच उपयोगी पडेल.

हीच विद्या आता रुग्णालयांतही आली आहे. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर घेतात आणि याच यंत्रात त्याची तपासणी करतात. फेनिलॲलनीन नावाचे द्रव्य काही बाळांच्या शरीरात साठत जाते आणि मेंदूला कायमची इजा करते. त्याचा रेणू १६६ वर दिसतो आणि मोडून १२० होतो. पहिल्या काही दिवसांत हे कळले तर केवळ आहार सांभाळून ते मूल इतरांसारखे वाढू शकते. ज्या घरी एकापाठोपाठ मुले गेली आणि कारण कळले नाही, अशा घरांनी डॉक्टरांना या तपासणीबद्दल अवश्य विचारावे.

आता अखेरची गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने मुख्य. बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच वाटा सांगितल्या जातात : डॉक्टर किंवा इंजिनियर. त्यात नंबर लागला नाही की मुलगा दुकानावर बसतो, गॅरेजमध्ये जातो. मुलीचे लग्न ठरते. ज्यांची नावे त्या यादीत नाहीत ती मुले जणू नसतातच. यादीत नसलेले रसायन दिसले नाही म्हणून ते द्राक्षात नव्हते असे झाले नाही. तसेच आपल्या यादीत नसलेल्या वाटा आहेतच, आपण फक्त त्या पाहिलेल्या नाहीत.

रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. करता येते, पुढे विश्लेषण रसायनशास्त्रात एम. एस्सी. करता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आपल्या धाराशिवलाच आहे. औषध कारखाने, अन्न तपासणीच्या प्रयोगशाळा, दुग्धव्यवसाय, पाणी तपासणी, शेतमालाची निर्यात, रुग्णालये या सर्वांना अशी माणसे लागतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची अन्न विश्लेषक परीक्षा आहे. हे काम ताकदीचे नाही, चिकाटीचे आहे. स्वच्छ हात, अचूक नोंद आणि खोटा आकडा न लिहिण्याची सवय एवढे भांडवल त्याला पुरते. आपल्या मुली घरात मसाल्याचे माप ज्या नेमकेपणाने सांभाळतात, तो नेमकेपणा येथे पगार मिळवून देतो. ज्या पालकांना मुलीला दूरच्या कारखान्यात पाठवण्याची धास्ती वाटते, त्यांनी अशी एखादी प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी पाहून यावी आणि मग ठरवावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी तीन सूचना देतो. गणितातील प्रमाण पक्के करा. मिलिग्रॅम, ग्रॅम, टन यांची अदलाबदल तोंडपाठ असू द्या, कारण या विद्येत दशांश चिन्ह एक घर सरकले तर एका शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. इंग्रजीला भिऊ नका. पण समजून घेण्याचे काम आपल्या भाषेत करा. आणि प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहा, पुस्तकातले उत्तर लिहू नका. शिक्षकाला ते आवडले नाही तरी चालेल.

भूमच्या खव्याचा एखादा नमुना उद्या मोठ्या शहरात तपासणीला जाईल, किंवा आपल्या जिल्ह्यातील द्राक्षाची पेटी परदेशी जाईल. त्या यंत्रापुढे कोणी तरी बसलेले असेल आणि त्याच्या सहीवर इथल्या एखाद्या घराचा वर्षाचा हिशेब ठरेल. ती सही करणारा या गावच्या शाळेत शिकलेला असावा, या गावचे दूध प्यालेला असावा, आणि यादीत नसलेला प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याच्या किंवा तिच्या अंगी असावे, एवढीच माझी इच्छा आहे. ते होणे तुमच्या हातात आहे.